पाण्याखालचा अग्निहोत्री

चरित्रनायक म्हटला की तो देखणा, उदार, मृदुभाषी आणि सर्वांना हवाहवासा असावा अशी आपली एक समजूत असते. आपल्या पाठ्यपुस्तकांनी तरी ती तशी करून दिली आहे. मी ज्या माणसाविषयी लिहिणार आहे तो यांपैकी काहीच नव्हता. अंगाने किरकोळ, जिभेने तिखट, वरिष्ठांना नकोसा आणि हाताखालच्यांना धाक वाटावा असा हा माणूस. परंतु समुद्राच्या पोटात, खलाशांच्या झोपण्याच्या जागेपासून थोड्याच अंतरावर, अणूचा अग्नी वर्षानुवर्षे सुरक्षितपणे तेवत ठेवण्याची विद्या त्याने उभी केली. त्याचे नाव ॲडमिरल हायमन जॉर्ज रिकोव्हर.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने अणुभट्टीवर लेख लिहावा हे काही मित्रांना विचित्र वाटेल. मी इतिहासाचा विद्यार्थी, गाव आरोंदा. आमच्या गावाला लागून तेरेखोलची खाडी आणि खाडीपलीकडे गोवा. या किनाऱ्यावर आरमार हा विषय कोणाला परका नाही. मालवणच्या पाण्यात उभा असलेला सिंधुदुर्ग आपल्याला लहानपणापासून तीच गोष्ट सांगत आला आहे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात माडबन-जैतापूरच्या सड्यावर अणुविद्युत प्रकल्प व्हावा की न व्हावा, यावर कितीतरी वर्षे वाद चालू आहे. त्या वादात दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसे मी ऐकली आहेत. यंत्र चांगले की वाईट यावर ती पुष्कळ बोलतात. पण त्या यंत्रापाशी रात्री दोन वाजता कोण उभा असेल आणि काही बिघडले तर जाब कोणाला विचारायचा, हे फारसे कोणी बोलत नाही. हा प्रश्न मला विज्ञानाइतकाच नीतीचाही वाटतो. ज्याने तो जन्मभर लावून धरला त्याचे चरित्र मी त्याच ओढीने वाचू लागलो.

रिकोव्हरचा जन्म पोलंडमधील माकूव या लहानशा गावी एका ज्यू शिंप्याच्या घरी झाला. नौदलाच्या कागदोपत्री जन्मसाल १९०० असे आहे. तो मुलूख तेव्हा रशियाच्या झारच्या अमलाखाली होता आणि ज्यूंना तेथे सुखाने राहणे कठीण झाले होते. वडील आधी अमेरिकेस गेले. १९०६ च्या सुमारास आई मुलांना घेऊन त्यांच्यापाशी पोचली. पुढे हे कुटुंब शिकागोत स्थिरावले. घरची गरिबी होती. शाळा चालू असतानाच हा मुलगा तारा वाटण्याचे काम करू लागला. महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च झेपणारा नव्हता. पण तेथील काँग्रेसचे सदस्य ॲडॉल्फ सबाथ यांच्या शिफारशीने १९१८ साली त्याला ॲनापोलिसच्या नौदल प्रबोधिनीत प्रवेश मिळाला. खेळात गती नाही, गप्पांची आवड नाही, सदा पुस्तकात डोके. १९२२ साली तो ५४० जणांत १०७ वा आला. म्हणजे हुशार खरा, पण कोणी मुद्दाम लक्षात ठेवावे असे त्यात काही नव्हते.

पुढे कोलंबिया विद्यापीठात त्याने विद्युत अभियांत्रिकीची उच्च पदवी मिळवली. तेथेच त्याची रूथ मास्टर्स या आंतरराष्ट्रीय कायद्याच्या विदुषीशी ओळख झाली आणि १९३१ साली त्यांचा विवाह झाला. काही वर्षे त्याने जुन्या पाणबुड्यांवर नोकरी केली. दुसऱ्या महायुद्धात तो नौदलाच्या जहाजबांधणी खात्यात विद्युत विभागाचा प्रमुख होता. लढाईत मार खाऊन आलेल्या जहाजांवर नेमके काय तुटले आणि का तुटले याची तो बारकाईने पाहणी करवी आणि कारखानदारांकडून ते यंत्र नव्याने घडवून घेई. बिघाड लपवायचा नसतो, तो वाचायचा असतो, हा धडा त्याने येथे गिरवला.

आता थोडे पाणबुडीविषयी. त्या काळची पाणबुडी ही नावाचीच पाणबुडी होती. डिझेलच्या इंजिनाला हवा लागते, आणि पाण्याखाली हवा कोठून आणायची? म्हणून ती बुडी मारली की विजेच्या बॅटऱ्यांवर चाले. बॅटऱ्या उतरल्या की पुन्हा वर येऊन इंजिन सुरू करून त्या भराव्या लागत. खोल पाण्यात दिवसच्या दिवस वेगाने जाणे तिला शक्यच नव्हते. १९४६ साली नौदलाने काही अधिकाऱ्यांना टेनेसी राज्यातील ओक रिज येथे अणुविद्या शिकण्यासाठी धाडले. त्यांत रिकोव्हर होता. हिरोशिमाला वर्षही झाले नव्हते. अणू म्हणजे बाँब एवढेच जगाला ठाऊक होते. युरेनियमच्या अग्नीला हवा लागत नाही, मग पाणबुडीच्या पोटात चूल पेटवायला याहून योग्य इंधन कोणते, हा विचार तेव्हा इतरांच्याही मनात आला होता. रिकोव्हरने मात्र त्याचा ध्यासच घेतला.

ही चूल कशी चालते ते आपल्या घरातल्या बंबावरून समजू शकेल. बंबात मधल्या नळीत विस्तव असतो आणि भोवती पाणी. विस्तवाची ऊब पाण्याला मिळते, पण राख पाण्यात मिसळत नाही. अणुपाणबुडीत ही युक्ती पुढे नेलेली असते. युरेनियमच्या कांड्यांभोवती प्रचंड दाबाखालचे पाणी खेळते. दाबामुळे ते उकळत नाही, नुसते अतिशय तापते. हे तापलेले पाणी नळ्यांच्या जुडग्यातून जाते आणि नळ्यांबाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करते. ती वाफ टर्बाइन फिरवते आणि टर्बाइन पंखा फिरवते. पहिले पाणी किरणोत्सर्गी, दुसरे स्वच्छ; दोघांची भेट कधी होऊ द्यायची नाही. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. चुलीतली लाकडे ओढून घेतली तरी निखारे धगधगत राहतात, तशी ही भट्टी बंद केल्यावरही तिची धग काही काळ चालूच राहते. ती धग निवविण्याची सोय नसेल तर इंधन वितळते. अणुभट्टीच्या सुरक्षिततेचे मर्म या बंद केल्यानंतरच्या धगीत आहे.

१९४९ पर्यंत रिकोव्हरने एक विलक्षण जागा मिळवली. नौदलाच्या जहाजबांधणी खात्यातही तो अणुविभागाचा प्रमुख आणि अणुऊर्जा आयोगाच्या अणुभट्टी विभागातही नौदलाच्या शाखेचा प्रमुख. एका खुर्चीवरून पत्र लिहायचे आणि दुसऱ्या खुर्चीवरून त्याला मान्यता द्यायची, असा विनोद त्याच्याविषयी होई. त्यातला गंभीर भाग असा की, हे माझे काम नाही, त्या खात्याचे आहे, असे म्हणण्याची वाटच त्याने स्वतःपुरती बंद करून टाकली होती. भट्टीतल्या कांड्यांना आवरण म्हणून झिर्कोनियम ही धातू निवडण्यात आली. तोवर ती थोड्याथोडक्या प्रमाणातच तयार होत असे. तिच्यातला हाफनियम हा सोबती वेगळा काढावा लागे. तोच हाफनियम मग भट्टीला लगाम घालणाऱ्या दांड्यांसाठी उपयोगी पडला.

पहिली भट्टी आयडाहोच्या माळरानावर बांधली गेली. प्रयोगासाठी यंत्रे ऐसपैस मांडावीत, आटोपशीरपणाचे मागाहून पाहू, असे अनेकांचे मत होते. रिकोव्हरने ते मानले नाही. पाणबुडीच्या खऱ्या मापाचा लोखंडी सांगाडा उभा करून त्यातच त्याने सर्व यंत्रे बसवून घेतली. ३० मार्च १९५३ रोजी ती भट्टी पेटली. जूनमध्ये ती पूर्ण शक्तीवर आल्यावर त्याने ती थांबवू दिली नाही; अटलांटिक महासागर ओलांडायला जितका वेळ लागेल तितका वेळ ती जमिनीवरच चालवली. नकाशावर रोज पाणबुडीची जागा मांडली जात होती.

याच काळात नौदल त्याला घरी पाठवायला निघाले होते. १९५१ आणि १९५२ अशी दोन्ही वर्षे बढतीच्या यादीत त्याचे नाव नव्हते, आणि नियमाप्रमाणे त्याला निवृत्त व्हावे लागणार होते. शेवटी अमेरिकेच्या सिनेटने नौदलाच्या बढत्याच अडवून धरल्या, तेव्हा १९५३ साली तो रिअर ॲडमिरल झाला.

पहिली अणुपाणबुडी नॉटिलस. २१ जानेवारी १९५४ रोजी ती कनेक्टिकटमधील ग्रोटन येथे पाण्यात उतरली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात धक्क्याशी बांधलेली असताना तिच्यातील वाफेची एक लहानशी नळी फुटली. चौकशीत निघाले की, जेथे अखंड नळी हवी तेथे कठड्यासाठी वापरण्याजोगी जोडाची नळी बसली होती. नळी एकच फुटली होती. रिकोव्हरने मात्र तशा मापाच्या सगळ्या संशयित नळ्या उपटून नव्या बसवायला लावल्या. खर्च झाला, दिवस गेले, पण त्याने तडजोड केली नाही. १७ जानेवारी १९५५ रोजी नॉटिलस अणुशक्तीवर समुद्रात निघाली. इंधनाच्या पहिल्या भरणीवर दोन वर्षांत ती साठ हजार सागरी मैलांहून अधिक धावली, आणि ३ ऑगस्ट १९५८ रोजी बर्फाखालून उत्तर ध्रुवावर जाऊन आली. तिच्या सत्काराच्या वेळी राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी रिकोव्हरला बोलावणे नव्हते! वृत्तपत्रांनी त्यावर बराच गहजब केला.

त्याच सुमारास रशियानेही अणुपाणबुड्या बांधल्या. घाई फार होती. ४ जुलै १९६१ रोजी के-१९ या पाणबुडीत भट्टी निवविणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेला गळती लागली. अडीअडचणीला दुसरी व्यवस्था असावी, ती नव्हतीच. खलाशांनी किरणोत्सर्गात शिरून हाताने नळ्या जोडल्या आणि भट्टी वाचवली. त्यांतील आठ जण थोड्याच आठवड्यांत दगावले. त्यांच्या धैर्याला नमस्कारच करायला हवा. पण रिकोव्हरची सारी धडपड खलाशांवर असे धैर्य दाखवायची पाळी येऊ नये यासाठी होती. आपला स्वतःचा मुलगा या पाणबुडीवर राहणार आहे असे समजून आराखडा करा, असा त्याचा आग्रह असे. किरणोत्सर्ग अडवणाऱ्या भिंतींचे वजन कमी करण्याच्या सूचना तो त्यामुळे फेटाळीत असे. नवी अणुपाणबुडी पहिल्या चाचणीला निघाली की बहुतेक वेळा तो स्वतः तिच्यात बसून जाई.

माणसे निवडण्याची त्याची तऱ्हा तर दंतकथाच झाली होती. अणुजहाजावर जाणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याची मुलाखत तो स्वतः घेई. उमेदवाराच्या खुर्चीचे पुढचे पाय थोडे कापलेले असत, म्हणजे बसणारा सारखा घसरत राही. १९५२ साली एका तरुण अधिकाऱ्याने आपला प्रबोधिनीतला क्रमांक अभिमानाने सांगितला. रिकोव्हरने त्याला विचारले की, तू तुझ्या परीने होईल तेवढे सर्व केलेस काय? त्या तरुणाला प्रामाणिकपणे होय म्हणता येईना. त्याचे नाव जिमी कार्टर. पुढे तो अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्या प्रश्नावरूनच त्याने आपल्या आत्मकथनाचे नाव ठेवले. खुर्चीचा प्रकार मला स्वतःला आवडत नाही. माणसाचा अपमान केल्याने त्याची पारख होते हे मला पटत नाही. पण प्रश्न मात्र योग्य होता.

आमच्याकडे होडी समुद्रात निघाली की तिच्यावर एक तांडेल असतो. वारा, पाणी, जाळे, माणसे यांचे जे काय होईल त्याचा जाब तांडेलाला. खलाशी पुष्कळ असले तरी तांडेल एकच असतो. रिकोव्हरचे तत्त्व याहून फार निराळे नव्हते. जबाबदारी वाटून देता येते असे लोक समजतात. दहा जणांच्या सह्या घेतल्या की ती दहापट बळकट झाली असे त्यांना वाटते. त्याच्या मते उलट घडते, ती कोणाचीच उरत नाही. म्हणून प्रत्येक जहाजाच्या कप्तानाने अडचणींचे पत्र थेट त्याच्याकडे लिहावे, मधल्या साहेबांनी ते गोड करू नये, असा त्याचा दंडक होता.

या दंडकालाही मर्यादा होती. १० एप्रिल १९६३ रोजी थ्रेशर ही अणुपाणबुडी खोल बुडीची चाचणी घेत असताना अटलांटिकमध्ये नाहीशी झाली आणि १२९ माणसे गेली. चौकशीत असे अनुमान निघाले की, यंत्रघरातील एखाद्या नळीचा जोड सुटून पाणी शिरले असावे, त्यामुळे भट्टी बंद पडली आणि पाणबुडीला वर येण्याची शक्ती राहिली नाही. भट्टीचा स्फोट झाला नव्हता. परंतु सुरक्षित म्हणून बंद होणारी भट्टीच त्या क्षणी घातक ठरली असावी, हे विचार करायला लावणारे आहे. त्यानंतर भट्टी पुन्हा लवकर सुरू करण्याची रीत बदलली गेली. पाणी शिरण्याच्या प्रत्येक जागेचा जोड तपासून त्याची नोंद ठेवणारी नवी व्यवस्थाही नौदलाने सुरू केली. १९६८ साली स्कॉर्पियन बुडाली. ती या व्यवस्थेखाली पुरती आलेली नव्हती. त्यानंतर अमेरिकेची एकही अणुपाणबुडी बुडालेली नाही, आणि आपल्या जहाजांवर भट्टीचा अपघात कधीच झाला नाही असे ते नौदल सांगते.

१९५७ साली पेनसिल्व्हेनियातील शिपिंगपोर्ट येथे वीज निर्माण करणारी अणुभट्टीही रिकोव्हरच्या देखरेखीखाली सुरू झाली होती. पुढे २८ मार्च १९७९ रोजी थ्री माईल आयलंडच्या वीजकेंद्रात अपघात झाला. भट्टी बंद झाली होती, पण तिची धग निवविणारे पाणी निसटत राहिले आणि इंधनाचा बराच भाग वितळला. काँग्रेसच्या समितीने रिकोव्हरला बोलावून त्याच्या यशाची गुरुकिल्ली विचारली. एक नियम पाळला म्हणजे झाले असे काही नसते, हेच त्याने त्यांना समजावले. चालवणाऱ्याचे शिक्षण, वस्तुस्थितीला तोंड देण्याची तयारी, बारीकसारीक गोष्टींवर नजर आणि ठरावीक माणसावर ठरावीक जबाबदारी, ही सर्व एकत्र असली तरच हा अग्नी आवरतो, असे त्याच्या साक्षीचे सार होते.

मग हा माणूस देवमाणूस होता का? मुळीच नाही. विरोध त्याला खपत नसे. त्याच्या मतापुढे दुसरे मत टिकणे कठीण होते. पुढे उघडकीस आले की, पाणबुड्या बांधणाऱ्या कंपनीकडून त्याने वर्षानुवर्षे भेटी घेतल्या होत्या. त्यांची किंमत सदुसष्ट हजार डॉलरांहून अधिक होती. १९८५ साली नौदलमंत्र्यांनी त्याला लेखी ठपका दिला. भेटींमुळे आपले निर्णय बदलले नाहीत असे त्याचे म्हणणे होते, आणि त्या कंपनीशी तो किती कठोरपणे वागे हे पाहिले तर ते खरेही असेल. परंतु दुसऱ्याच्या एका नळीलाही क्षमा न करणाऱ्याने स्वतःला इतकी सूट द्यावी? चरित्र लिहिताना हे लपवले तर ते त्याच्याच शिकवणीला सोडून होईल.

३१ जानेवारी १९८२ रोजी, त्रेसष्ट वर्षांच्या नोकरीनंतर, त्याला मनाविरुद्ध निवृत्त करण्यात आले. जाता जाता काँग्रेसपुढे त्याने जी साक्ष दिली तिने सर्वांना चकित केले. युद्धनौका ही त्याला केवळ नाइलाजाची गोष्ट वाटत होती. आपल्या हातांनी घडलेली ही जहाजे बुडवून टाकायलाही आपण तयार आहोत, असे त्याने सांगून टाकले. मानवजात या शक्तीने स्वतःचा नाश करील अशी भीती त्याला वाटत होती. ८ जुलै १९८६ रोजी तो वारला. चेर्नोबिलच्या अपघाताला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते.

आपल्या देशाचे काय? जानेवारी १९८८ मध्ये रशियाकडून तीन वर्षांसाठी घेतलेली चक्र ही अणुपाणबुडी आपल्या नौदलात आली. त्या वेळी ॲडमिरल जयंत नाडकर्णी नौदलप्रमुख होते. पुढे मुंबईच्या तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणबुडीसाठी भट्टी घडवली. तिचा जमिनीवरचा नमुना कल्पाक्कम येथे चालवून पाहिला गेला. २६ जुलै २००९ रोजी विशाखापट्टणम येथे अरिहंत पाण्यात उतरली आणि २०१६ साली ती नौदलात दाखल झाली. आधी जमिनीवर, मग पाण्यात, हा क्रम आयडाहोतलाच. आणि तुर्भ्याला स्वतःची परंपराही आहे. डॉ. होमी भाभा यांनी १९६० सालीच तेथील सर्वांना बजावले होते की, किरणोत्सर्गी पदार्थ असे हाताळावेत की कोणाला इजा तर होऊ नयेच, शिवाय देशातील इतर संस्थांनी त्याचा कित्ता गिरवावा.

पाणबुड्यांच्या गोष्टी बऱ्याचशा गुप्त असतात आणि असायलाही हव्यात. जबाबदारी मात्र गुप्त असू नये. आपल्याच जिल्ह्यात मालवणच्या राजकोटावर डिसेंबर २०२३ मध्ये उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा नऊ महिन्यांच्या आत, २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. त्यातले राजकारण बाजूला ठेवू. त्या दिवशी प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता, की याला जबाबदार कोण? तो प्रश्न आपण कोसळल्यानंतर विचारला. रिकोव्हर तो पहिला खिळा ठोकण्यापूर्वी विचारीत असे, आणि उत्तरादाखल त्याला एका माणसाचे नाव लागे.

आपल्याकडे अग्निहोत्री ब्राह्मणाच्या घरी अग्नी विझू द्यायचा नाही आणि भडकू द्यायचाही नाही, असे व्रत असे. त्यात एका दिवसाचीही सुट्टी नाही. रिकोव्हरला हा शब्द ठाऊक नव्हता; व्रत मात्र त्याने तेच पाळले. आपल्यापैकी फारच थोडे अणुभट्टीवर काम करतील. कोणी शिक्षक होतील, कोणी कचेरीत बसतील, कोणी पुलाच्या कामावर सही करतील. त्या सहीपाशी आपणही काही ना काही अग्नी सांभाळीत असतो. तो सांभाळताना, होईल तेवढे सर्व आपण केले काय, हे स्वतःला विचारण्याची सवय लागली तर या तिरसट म्हाताऱ्याचे चरित्र वाचल्याचे सार्थक होईल.